शहाणपणाचा दाखला

वडनेर भोलजीत कुणी आजारी पडलं की पहिला निरोप कडूबाला जातो, डॉक्टरला नंतर. कडूबाचं शिक्षण सातवीपर्यंत आणि शेती बेताची. काम मात्र एकच, आणि तेही कुणी न सांगता अंगावर घेतलेलं: पेशंटला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेणं आणि पेशंटच्या वतीनं बोलणं. पेशंटनं तिथं बोलायचं नसतं. त्यानं फक्त आजारी दिसायचं.

या दिसण्याचे नियम होते. जायच्या आदल्या दिवसापासून दाढी करायची नाही. इस्त्रीचा सदरा घालायचा नाही. डॉक्टरनं 'बसा' म्हटल्यावर लगेच बसायचं नाही. आधी 'आई गं' म्हणायचं, मग बसायचं. दोन दिवसांचा ताप असेल तर पंधरवडा सांगायचा, कारण सरकार कुठलीही गोष्ट निम्मीच धरतं. ही अक्कल कडूबाला गारपिटीच्या पंचनाम्यांनी दिली होती. निम्मं पीक गेलं म्हटलं तर साहेब पाव धरतो. सगळं गेलं म्हणावं, मग गाडी निम्म्यावर येऊन थांबते. शेतातली रीत त्यानं दवाखान्यात नेली आणि तिथंही ती बिनतक्रार चालली.

"साध्या खोकल्याले कोन इचारते?" तो सांगायचा. "रक्त पडलं म्हना, मंग बसाले खुर्ची भेटते."

अशा या कडूबाला त्याच्या पुतण्यानं, गोकुळनं, एके दिवशी शेताच्या बांधावर गाठून सांगितलं, "काका, मले दवाखान्यात न्या."

गोकुळ जन्मला तेव्हा घरच्यांनी त्याला मुलगी समजून अश्विनी नाव ठेवलं होतं आणि हाक छकुली मारली होती. दोन्ही चुका त्याला लहानपणापासून कळत होत्या. सांगता यायला वेळ लागला. आयटीआय करून त्यानं नांदुऱ्यात पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं, केस कापले, शर्ट-पँट घातली, पाटीवर 'गोकुळ रिवायंडिंग' लिहिलं. गावानं चार दिवस चर्चा केली. मग विहिरींवरच्या मोटारी जळू लागल्या. हरभरा पाण्यावर आलेला असताना मोटार भरून देणारा मुळात कोण म्हणून जन्मला होता याची चौकशी करायला कुणाला सवड नसते.

पण पाटी रंगवली म्हणजे आवाज बदलत नाही, दाढीही येत नाही. त्यासाठी इंजेक्शनं लागतात. इंजेक्शनं दूरच्या मेडिकल कॉलेजात मिळतात, आणि तिथं जायला आधी मानसोपचार डॉक्टरचं पत्र लागतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी योगिनी मॅडम नावाच्या डॉक्टर बसत. गोकुळ एकटाच जाऊन त्यांच्याशी तीनदा बोलून आला होता. पुरुषांच्या रांगेत उभं राहिलं की मागचा बायकांच्या रांगेकडे बोट दाखवी, बायकांच्या रांगेत गेलं की बाया ओरडत. म्हणून केसपेपरच्या खिडकीवर गर्दी ओसरेपर्यंत तो बाकावर बसून राही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाल्या होत्या, "तुमचं मला पटलंय. पण पत्रात दोन गोष्टी लिहाव्या लागतात. हे लहानपणापासूनचं आहे, आणि दुसरा कुठला मानसिक आजार नाही. घरातलं कुणीतरी आणा, ज्यानं तुम्हाला लहानपणापासून पाहिलंय. दहा मिनिटांचं काम आहे."

बापानं, कचरूनं, हे ऐकून घेतलं आणि उठून हरभऱ्याला पाणी द्यायला निघून गेला. तेव्हापासून त्या हरभऱ्याला जरा जास्तच पाणी मिळत होतं. आई, गोजरबाई, म्हणाली, "मी आली तं नुसती रडीन. माह्यानं बोलनं होनार नाही. तू कडूबाभाऊजीले ने. ते चांगलं बोलतात."

माऊलीचा सल्ला मनापासूनचा होता.

बांधावर कडूबानं सगळं ऐकलं. तंबाखू मळली, झटकली, तोंडात टाकली. गोकुळ आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलून मोकळा झाला होता आणि काका आता काय म्हणतो याची वाट पाहत होता.

"हे सरकारीत होते का?" कडूबानं विचारलं.

"हाव. होते."

"मंग काऊन घाबरून राह्यला बे?"

मंगळवारी एसटीत गोकुळला इस्त्रीच्या शर्टात पाहून कडूबाचा चेहरा उतरला. "दवाखान्यात चालला का पोरगी पाहाले? निदान केस तं इस्कट."

"काका, तिथं तसं नाही लागत. मॅडम चांगली आहे. जे आहे ते सांगा."

"तू मले सांगतं काय? तू पैदा नव्हता झाला तवापासून मी पेशंट नेऊन राह्यलो." असं म्हणून कडूबानं डोळे मिटले. गोकुळनंही मिटले, आणि मोताळा येईपर्यंत काकाच्या खांद्यावर डोकं टाकून तो गाढ झोपला.

दवाखान्यात कडूबाला रांग नव्हती. शिपाई मोतीरामनं त्याला लांबूनच रामराम घातला आणि दोघांना बाजूच्या दारानं आत सोडलं. योगिनी मॅडम पुण्याकडच्या, बोलायला मऊ, पेन सतत हातात.

"या. तुम्ही काका ना? गोकुळबद्दल थोडं सांगा."

कडूबा बसला नाही. आधी त्यानं एक उसासा टाकला, तो भिंतीपर्यंत जाऊन परत आला, मग बसला.

"काय सांगू मॅडम. झोप नाही लेकराले."

"किती दिवसांपासून?"

"दिवस? वर्सं म्हना."

"जेवण?"

"पाखरावानी. अर्धी भाकर, ते बी माय रडते म्हून."

"मॅडम, असं काही—" गोकुळ म्हणाला.

कडूबानं टेबलाखालून त्याच्या मांडीला जोरात चिमटा काढला. "पाहा मॅडम. असंच मधात बोलते."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "एकटा असताना बोलतो का?"

हा प्रश्न कडूबाला नवा होता, पण चांगला वाटला. गोकुळ मोटार भरताना तारेचे वेढे मोठ्यानं मोजतो, हे त्यानं दुकानात पाहिलं होतं. "निरा बोलते. तासन् तास."

"कुणाशी?"

"मोटारीशी."

"मोटार उत्तर देते असं वाटतं त्याला?"

कडूबानं प्रामाणिकपणे विचार केला. "आता आपल्याले काय ऐकू येते मॅडम? त्याले येत असंन."

पेन भराभर चालू लागलं. डॉक्टरचं पेन जितकं जोरात चालतं तितकं काम पक्कं, हा कडूबाचा तीस वर्षांचा अनुभव. त्याला चेव चढला.

"जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलतो का?"

"बोलत नाही. पन हिरीवर जाऊन बसते. आज याच्या हिरीवर, उद्या त्याच्या. गावात हीर ठेवली नाही त्यानं."

"काका!" गोकुळ उभाच राहिला. "मोटारी काढाले जातो मी हिरीवर! मॅडम, हे वाढवून सांगून राह्यले."

"बसा गोकुळ," मॅडम म्हणाल्या. आवाज आधीपेक्षाही मऊ झाला होता, आणि गोकुळला त्या मऊपणाची भीती वाटली. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण आपल्याला त्रास आहे हे कधीकधी पेशंटला कळत नाही. काकांनी हे सगळं सांगितल्यावर मला पत्र नाही देता येणार. आधी गोळ्या सुरू करू. तीन महिने पाहू, आणि मग पत्राचा विचार करू."

बाहेर येताना कडूबा खुशीत होता. तीन महिन्यांच्या गोळ्या, त्याही फुकट, अशा पहिल्या फटक्यात त्याच्या कुठल्याच पेशंटला मिळाल्या नव्हत्या.

"तीन महिने?" मोतीराम दारातच म्हणाला. "मॅडम तं पुढच्या महिन्यात चालल्या. बदली मागितली होती, मायचे गुडघे गेले म्हून. झाली मंजूर."

"अन् त्यायच्या जागेवर कोन?" गोकुळनं विचारलं.

"जागेवर खुर्ची राहीन," मोतीराम म्हणाला. "त्यायच्या आंधी बी दोन वर्सं खुर्चीच होती."

बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर गोकुळनं कपाला हातही लावला नाही. चहा थंड झाला. कडूबानं स्वतःचा संपवला, मग त्याचाही संपवला.

"काका, तुमी मले येडं ठरवलं."

"येडं काऊन? तरास सांगतला. तरास सांगतल्याबिगर सरकार काही देत नाही."

"पन त्या मॅडमले तरास नव्हता पाह्यजे! शहाना मानूस पाह्यजे होता!"

कडूबाला हे खरोखरच समजेना. "शहान्या मानसाले दवाखान्यात काय काम?"

गोकुळनं समजावून सांगितलं. एकदा सांगितलं, मग मोटारीचं उदाहरण देऊन सांगितलं. हे पत्र आजाऱ्याला मिळत नाही. ज्याला दुसरं काहीच झालेलं नाही त्यालाच मिळतं. बाकी सगळं ठीक आहे असं डॉक्टरला दिसलं, की मगच इंजेक्शनाची वाट मोकळी होते.

कडूबा बसची वाट पाहत बराच वेळ विचार करत राहिला. हिशेब जुळेना. दाखवायला काहीच न नेता सरकारकडून काहीतरी घेऊन यायचं, असं काम त्याच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं.

"ह्या कोन्त्या दवाखान्याचा कायदा म्हनावं," तो शेवटी पुटपुटला. "आंधी सांगतलं असतं तं."

"सांगतलं होतं. येस्टीत."

गोळ्या मोतीरामनं पिशवीत घालून दिल्याच होत्या. घेतल्या नाहीत तर मॅडम 'ऐकत नाही' असं लिहितील, या धाकानं गोकुळनं दोन दिवस घेतल्या. पहिल्या दिवशी तो दुकानात मोटारीवर डोकं ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरबीडच्या एका पाव्हण्याची मोटार अशी भरली की ती सुरू केल्यावर उलटी फिरली. पाव्हणा मोटार घेऊन परत आला तेव्हा कडूबा दुकानात बसलेला होता. काही न बोलता त्यानं गोळ्यांची पिशवी उचलून स्वतःच्या खिशात घातली.

"मंगळवारी जाऊ," तो म्हणाला. "मी निस्तरतो."

"तुमी नका बोलू काका. मीच बोलतो."

"तू बोललास तं मॅडम म्हनते पेशंटले कळत नाही. खराब मी केलं, मीच नीट करतो."

यात तथ्य होतं, आणि गोकुळला तेच जास्त जाचत होतं. त्याच्या पत्राचं कुलूप आता काकाच्या जिभेवर होतं, आणि त्या जिभेला दवाखान्याच्या फाटकाच्या आत खरं बोलायची कधी वेळच आली नव्हती.

मंगळवारी कडूबा एसटी स्टॉपवर आला तो गुळगुळीत दाढी करून, धोतराला नीळ घालून, डोक्याला तेल लावून, जावयाकडून आलेली टोपी डोक्यावर आणि टॉवेल खांद्यावर टाकून. मोतीरामनं त्याला आधी ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर विचारलं, "कोनाचं लगन?"

मॅडमच्या खोलीत या वेळी कडूबा न सांगता बसला आणि हसला.

"मॅडम, एकदम खडखडीत! बिलकूल काही नाही त्याले. झोप म्हनाल तं गाढ. जेवन म्हनाल तं चार भाकरी. दिवसभर हासते! झोपीत बी हासते!"

गोकुळनं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी केसपेपर उघडला, मागच्या मंगळवारचं पान वाचलं, कडूबाच्या टोपीकडे पाहिलं. "एका आठवड्यात?"

"गोळीचा गुन आहे मॅडम. तुमचा हातच—"

"काका," मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात वर्षानुवर्षं झोप नाही. आज म्हणता झोपेत हसतो. यातलं मी खरं काय धरू?"

कडूबानं गोकुळकडे पाहिलं. गोकुळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि कुणाला तरी धरून ठेवावं तसे ते गुडघे त्यानं धरले होते. एवढ्या वर्षांत कडूबानं खूप माणसं घाबरलेली दिसतील अशी बसवली होती. खरोखर घाबरलेलं माणूस कसं बसतं हे त्याच्या बघण्यात बहुधा प्रथमच आलं.

त्यानं टॉवेल-टोपी मांडीवर काढून ठेवली.

"मॅडम, मांगच्या मंगळवारचं समदं माह्यं आहे. त्याचं नाही."

"म्हणजे?"

"म्हंजे मी आपल्या मनचं जोडलं. थो झोपते. घोरते बी. मोटारीशी बोलत नाही, तारेचे येढे मोजते. अन् हिरीवर जाते ते दुरुस्तीले. आज म्हनलं तेबी जास्तीच झालं. चार नाही, दोन भाकरी खाते. झोपीत हासत नाही."

"मग असं का सांगितलंत?"

"चांगला मानूस घेऊन आलो असतो तं तुमी भाईर काढलं असतं. तीस वर्सं झाले मॅडम, मी इथं असंच सांगून राह्यलो. खालच्या डॉक्टरायले बी. तसं नाही सांगतलं तं कोनी मान वर करून पाहात नाही."

"तीस वर्षं," मॅडम म्हणाल्या.

"हाव."

आपण नुसती एक गोष्ट मागे घेतली नाही, दवाखान्यातली आपली सगळी पत इथं ओतून टाकली, हे कडूबाला कळत होतं. त्याचे कान लाल झाले होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ते त्यानं पाहिलं, आणि त्याच्या हिशेबानं हे लक्षण वाईट होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "जोडायचं काही नाही. लहानपणी कसा होता गोकुळ, एवढंच सांगा."

कडूबानं मांडीवरच्या टोपीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. गोकुळला वाटलं, आता हा पुन्हा काहीतरी रचतोय.

"माह्या पोरीचं लगन होतं," कडूबा म्हणाला. "वंदनाचं. हे आठ-नऊ वर्साचं. याले करवली केलं होतं. नवं परकर-पोलकं, हातात कलश. नवरदेव मांडवात अन् करवली गायप. समदे हुडकून राह्यले. मी मांगं गेलो तं हे कडब्याच्या गंजीत घुसून बसेल. परकर फेकून देल्ला. म्हनलं भाईर ये बे. म्हने, नाही येत. काय पाह्यजे तुले? तं म्हने, गजेंद्रदादाचा सदरा. गजेंद्र माहा पोरगा. आता लगनाच्या टायमाले कोन हुज्जत घालते? आनून देल्ला."

"मग?"

"मंग काय. सदरा घालून पंगतीत गेलं अन् मठ्ठा वाढाले लागलं. बाया हासल्या. मी म्हनलं राहू द्या, मठ्ठा तं बरोबर वाढून राह्यला. एक थेंब सांडला नाही त्यानं."

"आणि सदरा?"

"सदरा वापस मांगाचा राहून गेला," कडूबा म्हणाला.

गोकुळला मठ्ठा आठवत होता. पितळी बादली आठवत होती. गंजीपाशी कोण आलं होतं हे मात्र तो पार विसरला होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, सदरा आपणच चोरला.

मॅडमनी कडूबाला बाहेर बसायला सांगितलं. पेशंट आत आणि कडूबा बाहेर, हे त्या दवाखान्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं. मोतीरामनं त्याला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. आत मॅडम गोकुळला पुष्कळ काही विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तरी विचारते. मोटार कधी बोलते का?"

"बेअरिंग गेलं तं आवाज करते, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या आणि लिहायला बसल्या.

पत्र एका पानाचं होतं, इंग्रजीत. हे लहानपणापासूनचं आहे. दुसरा कुठला मानसिक आजार आढळला नाही. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास ही व्यक्ती सक्षम आहे. पुढील तपासण्या आणि उपचारांसाठी पाठवत आहे. खाली सही आणि गोल शिक्का. गोकुळनं ते दारात उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं. शहाणा असल्याचं सरकारी शिक्क्यानिशी लेखी असलेला वडनेर भोलजीत तो आता एकटाच माणूस होता. त्याला एकदम भूक लागली.

कडूबाला दाखवावं म्हणून तो वळला, तर स्टूल रिकामं होतं. व्हरांड्याच्या टोकाला गावातला रहेमतुल्ला चाचा उभा होता. त्याचं पोट दोन दिवसांपासून गच्च होतं म्हणून पोरानं आणून सोडला होता. चाचा कागदातली गरम भजी खात होता आणि कडूबा त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या सोडून पुन्हा वाकड्यातिकड्या लावत होता.

"झालं?" कडूबानं गोकुळला विचारलं.

गोकुळनं पत्र पुढं केलं. कडूबाला त्यातलं काही वाचता आलं नाही. शिक्क्यावरून मात्र त्यानं अंगठा फिरवला, शाई ओली आहे का पाहिली, मान हलवली.

"जपून ठेव. अन् हे धर जरा." चाचाच्या हातातला भज्यांचा कागद काढून त्यानं गोकुळला दिला. "चला चाचा. हात खांद्यावर टाका. आत गेल्यावर तुमी काही बोलू नका."

"अरे कडूबा, दोन भजे बाकी हैं—"

"नंतर!"

दोघं शेजारच्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. चाचा चांगलाच लंगडत होता. पोटाच्या दुखण्याला लंगडणं कशाला, हे विचारायला कुणी नव्हतं. दार अर्धवट लागलं आणि आतून, भिंतीपर्यंत जाऊन परत येणारा तो उसासा ऐकू आला.

"काय सांगू डॉक्टरसाहेब. आठ दिवस झाले, अन्नाचा कन नाही यायच्या पोटात."

गोकुळच्या एका हातात तेलकट कागद होता आणि दुसऱ्यात पत्र. तेल लागू नये म्हणून त्यानं पत्राचा हात अंगापासून लांब धरला, आणि काका येईपर्यंत दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत तिथंच उभा राहिला.